आधी श्वास, मग नळी

शस्त्रक्रियेपूर्वी धडधाकट मोठ्या माणसाला काही मिनिटं शुद्ध प्राणवायू दिला आणि मग भूल देऊन त्याचा श्वास थांबवला, तरी त्याच्या रक्तातला प्राणवायू पुढे सहा-सात मिनिटं टिकतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत हा अवधी जेमतेम दीड मिनिटाचा असतो, आणि तोही बाळ निरोगी असेल तर. रात्रभर धापा टाकून थकलेलं, छाती कफाने भरलेलं, दूध सोडलेलं बाळ समोर असेल तेव्हा हातात काही सेकंदच उरतात. लहान मुलांच्या श्वासमार्गाबद्दल मी जे जे शिकले, ते सगळं या अवधीत काय करायचं आणि त्याआधी काय करून ठेवायचं, याचंच शिक्षण आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं. गेली बरीच वर्षं न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्व किनाऱ्यावरच्या गिस्बोर्नला काम करते. या भागाला ताइराफिती म्हणतात. इथले निम्म्याहून जास्त लोक माओरी आहेत. उत्तरेला पूर्व टोकापर्यंत विखुरलेली गावं आहेत आणि त्यांना जोडणारा एक वळणावळणाचा रस्ता आहे. देशाची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडी जास्त आणि लहान मुलांसाठीचा मुख्य अतिदक्षता विभाग ऑकलंडला, १९९१ साली सुरू झालेल्या स्टारशिप रुग्णालयात. आमच्यापासून रस्त्याने सहा-सात तासांवर. अत्यवस्थ मूल आलं की आम्ही त्यांना फोन लावतो आणि त्यांचं पथक विमानाने निघतं. पण पथक जमायला, उडायला, उतरून रुग्णालयात पोहोचायला काही तास जातात. तेवढा वेळ त्या मुलाचा श्वास आमच्या हातात असतो.

मुलाचा श्वासमार्ग म्हणजे मोठ्यांच्या श्वासमार्गाची छोटी प्रत नव्हे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं. पाठीवर झोपवलं की मान आपोआप पुढे वाकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र मानेत वर, त्यावरचं झाकण लांबट आणि लुळं. नवजात बाळाची श्वासनलिका चार-पाच सेंटिमीटरची. श्वास देण्यासाठी तिच्यात घातलेली नळी सेंटिमीटरभर जास्त आत गेली तर ती उजव्या फुप्फुसात शिरते, सेंटिमीटरभर कमी राहिली तर बाळाने मान मागे टाकताच बाहेर येते. आणि सूज! चार मिलिमीटर रुंदीच्या वाटेत सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर हवेला होणारा अडथळा सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या वाटेत तीच सूज अडथळा सुमारे तीन पट करते. मूल रडायला लागलं की हवेचा प्रवाह खळाळता होतो आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणूनच घसा सुजून कुत्र्यासारखा खोकणाऱ्या, क्रूप झालेल्या मुलाला आम्ही आईच्या मांडीवरून उचलत नाही. तिथेच डेक्सामेथासोन पाजतो, तिच्या हातानेच वाफेतून ॲड्रेनलिन देतो. आईची मांडी हा तिथे उपचाराचा भाग असतो.

इथला हिवाळा जून ते ऑगस्टचा. त्या महिन्यांत ब्रॉन्किओलायटिसची बाळं येतात. विषाणूंमुळे फुप्फुसांतल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. ओळख पटू नये एवढा तपशील बदलून अशा एका बाळाबद्दल सांगते.

काही आठवड्यांचं बाळ, त्यातही मुदतीआधी जन्मलेलं. दोन दिवस सर्दी, मग दूध घेणं बंद. रुग्णवाहिकेतून निरोप आला की बाळ मधूनमधून श्वास घ्यायचं विसरतंय. बाळ पोहोचायच्या आधीच खोलीत माणसं जमली होती: आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, दोन परिचारिका, भूल विभागाचा तंत्रज्ञ आणि मी. मोठ्या पडद्यावर स्टारशिपचे अतिदक्षता तज्ज्ञ. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगितलं. मास्क कोण धरणार, औषध कोण टोचणार, पडद्यावर नजर कोण ठेवणार, वेळ कोण लिहिणार. मग मी बेत सांगितला: पहिला प्रयत्न व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, म्हणजे स्वरयंत्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पात्याने, प्राणवायूची पातळी नव्वदीच्या सुरुवातीला आली की मी थांबणार आणि मास्कने श्वास देणार, दुसऱ्या प्रयत्नापूर्वी काहीतरी बदलणार, स्थिती, पातं किंवा माणूस, तेही नाही जमलं तर घशात बसणारा लॅरिंजियल मास्क. थांबायची वेळ झाली हे सांगायचं काम मी परिचारिकेवर सोपवलं. नळी घालणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष त्या इवल्याशा छिद्रावर खिळतं आणि त्याचं वेळेचं भान सुटतं. म्हणून वेळ दुसऱ्याने धरायची.

तयारीतली सगळ्यात नाजूक गोष्ट वजनाची. मुलांची सगळी औषधं वजनावर ठरतात आणि अत्यवस्थ मुलाला काट्यावर ठेवायला सवड नसते. त्यासाठी ब्रोसलो फीत वापरतात: मुलाच्या शेजारी अंथरायची, टाच जिथे येईल तिथला रंग पाहायचा, त्या रंगाच्या पट्टीत अंदाजी वजन, नळीचा आकार, औषधाची मात्रा. साउथ ऑकलंडमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या मुलांचं वजन अशा अंदाजांपेक्षा बरेचदा जास्त भरतं. भारतीय मुलांच्या अभ्यासांत नेमकं उलट: फीत जे वजन दाखवते त्यापेक्षा मूल हलकं. एकच फीत, आणि चूक दोन विरुद्ध दिशांना. म्हणून फितीचा आकडा घ्यायचा, पण डोळ्यांनी मूल पाहायचं आणि घरच्यांना वजन विचारायचं. बाळाला टोचायला नेलं तेव्हाचं वजन आजीला हमखास पाठ असतं.

या बाळाचीही आजी सोबत होती. माओरी रिवाजात डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र, तापू भाग. परवानगीशिवाय कुणाच्या डोक्याला हात लावत नाहीत. आणि माझं काम तर डोक्यापाशीच. मी उशाशी उभी राहते, कपाळ धरते, हनुवटी उचलते. श्वास अडलेल्या बाळाच्या बाबतीत परवानगीसाठी थांबता येत नाही, पण एक वाक्य बोलता येतं. मी आजीकडे पाहून म्हणाले, "मी याच्या डोक्याला हात लावते आहे, श्वास द्यायला." तिने मान हलवली आणि हलक्या आवाजात काराकिया, म्हणजे प्रार्थना, सुरू केली. एक परिचारिका फक्त कुटुंबासाठी होती. काय चाललंय, पुढे काय होणार, हे ती त्यांना सांगत राहिली. आई-आजीला बाहेर काढायचं नाही ही इथली पद्धत मला आता एवढी पटली आहे की दुसरं काही सुचत नाही. आपल्या लेकराला वाचवण्यासाठी माणसं कशी झटली, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुढे काहीही झालं तरी ते त्यांच्यापाशी राहतं.

बाळाचा श्वास पुन्हा थांबला. इथे नवख्या हाताला नळी उचलायची घाई होते. मी मास्क उचलला. बोटं हाडावर ठेवायची, हनुवटीखालच्या मऊ भागावर नाही. तिथे दाबलं की जीभच घशावर ढकलली जाते. मास्कला जोडलेली पिशवी छाती हलेल एवढीच दाबायची. जास्त दाबली तर हवा पोटात जाते, पोट फुगून छातीखालचा पडदा वर सरकतो आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. म्हणून तोंडातून पोटात बारीक नळी घालून ती हवा काढायची. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा चढला, ओठ गुलाबी झाले. मगच भुलीचं केटामीन, मग स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम, मग लॅरिंगोस्कोप.

मोठ्यांसाठी आजही जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाकडं पातं रॉबर्ट मॅकिंटॉश यांचं. ते १८९७ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या तिमारूमध्ये जन्मले. पहिल्या महायुद्धात वैमानिक होते आणि विमान पाडलं गेल्यावर जर्मनीत युद्धकैदी. १९३७ साली ते ऑक्सफर्डला भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४३ मध्ये त्यांनी हे पातं 'द लॅन्सेट'मध्ये मांडलं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तोंड उघडं ठेवणारं उपकरण बसवताना त्यांना स्वरयंत्र अचानक नीट दिसलं आणि त्यातून ही कल्पना सुचली. ऑक्सफर्डचे तंत्रज्ञ रिचर्ड सॉल्ट यांनी तिच्यावरून पातं घडवलं. तान्ह्या बाळांत मात्र लुळं झाकण थेट उचलणारं मिलरचं सरळ पातं, १९४१ सालचं, बरेचदा सोयीचं पडतं. आता पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो. २०२० साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या, ५५२ तान्ह्या मुलांच्या अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचं प्रमाण साध्या लॅरिंगोस्कोपने ८८ टक्के आणि व्हिडिओने ९३ टक्के होतं. पाच टक्क्यांचा हा फरक मला मोठा वाटतो, कारण प्रत्येक जादा प्रयत्नासोबत सूज, रक्तस्राव आणि प्राणवायू घसरण्याचा धोका वाढतो. शिवाय कॅमेऱ्यामुळे मला दिसतं ते सगळ्यांना दिसतं. तंत्रज्ञ न सांगता स्वरयंत्र बोटाने किंचित डावीकडे सरकवतो आणि वाट समोर येते.

तीन मिलिमीटरची नळी बसली. आता पुढचा निकाल कॅप्नोग्राफचा: उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट पडद्यावर उमटते की नाही. नळीत वाफ दिसली, छाती हलली, आवाज ऐकू आला, या खुणांवर बाळांत भिस्त ठेवता येत नाही, कारण अन्ननलिकेत गेलेल्या नळीनेही त्या दिसू शकतात. श्वासामागून श्वास लाट टिकली तरच नळी जागेवर. लाट नसेल तर, वेगळा ठाम पुरावा नसेल तोवर, नळी काढायची आणि मास्ककडे परतायचं. त्या बाळाची लाट आली, टिकली. संध्याकाळी स्टारशिपचं पथक आलं आणि त्याला घेऊन गेलं. आई त्याच विमानात बसली.

मेलबर्नचे भूलतज्ज्ञ निकोलस क्राइम्स आणि त्यांचे सहकारी पीटर फ्रिट्झ यांनी व्होर्टेक्स नावाची एक पद्धत मांडली आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अनेक विभागांत तिचं चित्र भिंतीवर असतं. प्राणवायू पोहोचवायच्या तीन वाटा: मास्क, लॅरिंजियल मास्क आणि नळी. तिन्ही सारख्याच योग्यतेच्या. त्यांतल्या कुठल्याही एकीने प्राणवायू पोहोचला की आपण सुरक्षित जागी आलो. तिथे थांबून पुढचा विचार शांतपणे करता येतो. तिन्ही खुंटल्या तर गळ्याच्या पुढून वाट काढायची. नळी हे ध्येय मानलं तर प्रयत्नामागून प्रयत्न होत राहतात. प्राणवायू हे ध्येय मानलं तर मास्क परत उचलण्यात पराभव वाटत नाही. तरुण डॉक्टरांना मी हेच सर्वांत आधी शिकवते.

हे मी कुठे शिकले, याचा विचार करते तेव्हा मला न्यूझीलंड आठवत नाही. महाराष्ट्रातलं एक सरकारी रुग्णालय आठवतं. व्हेंटिलेटर थोडे, मुलं जास्त. ज्यांच्या वाट्याला यंत्र येत नसे त्यांच्या नळीला अँबू बॅग जोडलेली असे आणि ती दाबत बसलेले असत त्या मुलाचे नातेवाईक. एक बाप मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. ऊसतोडीला आलेला माणूस, हात रापलेले. निवासी डॉक्टरने त्याला एकदाच दाखवलं होतं: छाती एवढी उचलली पाहिजे, मग सोडायचं, मग पुन्हा. रात्रभर तो स्वतःच्या श्वासाशी ताल जुळवून पिशवी दाबत होता. मी जवळ गेले की पिशवी न थांबवता विचारायचा, "बाई, बरोबर होतंय का?" बरोबर होत होतं. त्या मुलाला पुढे यंत्र मिळालं आणि ते वाचलं. माणसाला असं बसवावं लागणं हा अन्याय आहे, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आज जास्त कळतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यातून नळी घालून हाताने श्वास देण्याचा उपाय सुचवला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले आणि त्यातूनच आजचे अतिदक्षता विभाग जन्मले. पण युरोपातली ती आपत्ती काही महिन्यांची होती. आपल्याकडे ती अनेक वर्षं नेहमीचीच रात्र होती.

यंत्रं असलेल्या देशातही हाताला सुट्टी नाही, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये कळलं. गॅब्रिएल चक्रीवादळाने ताइराफितीचे रस्ते तोडले. शहराचे फोन गेले, इंटरनेट गेलं, पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. १४ तारखेला देशात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. पडद्यावरचे तज्ज्ञ हा आमच्या प्रत्येक बेताचा भाग होता आणि तो पडदाच काळा झाला. तेव्हापासून आम्ही पुतळ्यावरचा सराव कधी चुकवत नाही: मास्क धरणं, बेत मोठ्याने सांगणं, थांबा म्हणायला कुणाला तरी नेमणं. ज्यांच्या हाती रोज अशी मुलं येत नाहीत त्यांनाच सरावाची सर्वांत जास्त गरज असते.

आणि तरी, या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देतात ती न घालाव्या लागलेल्या नळ्यांची मुलं. माझ्या आधीच्या पिढीतल्या भूलतज्ज्ञांना एपिग्लॉटायटिसची भीती वाटे. हिब जंतूमुळे स्वरयंत्रावरचं झाकण चेरीसारखं सुजायचं आणि मूल लाळ गाळत, पुढे झुकून, श्वासासाठी झगडत यायचं. न्यूझीलंडमध्ये १९९४ साली हिबची लस आली आणि हा आजार मुलांमधून जवळजवळ नाहीसा झाला. भारतात हीच लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते; २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूपासून तिची सुरुवात झाली. ब्रॉन्किओलायटिससाठी ऊबदार, दमट प्राणवायू नाकातून वेगाने देणारी यंत्रं ऑकलंडच्याच फिशर अँड पायकल कंपनीत बनतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १४७२ बाळांच्या अभ्यासात साध्या प्राणवायूवर उपचार वाढवावे लागण्याचं प्रमाण २३ टक्के होतं, या यंत्रावर १२ टक्के. नळी लागलेली बाळं दोन्ही गटांत मोजकीच होती. न थांबणाऱ्या आकडीचंही तसंच. ऑकलंडचे स्टुअर्ट डॅल्झील यांच्या नेतृत्वाखालचा, दोन्ही देशांतल्या २३३ मुलांचा अभ्यास २०१९ साली आला. फेनिटॉइन आणि लेव्हेटिरासेटाम या औषधांत सरस कुठलंच ठरलं नाही. पण एकाने आकडी थांबली नाही तर लगेच भूल देऊन नळी घालण्याऐवजी दुसरं औषध द्यावं, त्यासाठी आणखी दहा मिनिटं द्यावीत, म्हणजे अनेक मुलांची नळी टळते, हे त्यातून पुढे आलं.

या रांगेत सर्वांत आधी मी गडचिरोली ठेवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी मण्यांचं श्वासमोजणीचं साधन केलं. १९९० साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, हे काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. तिथे पातं नव्हतं, पडदा नव्हता, विमान नव्हतं. श्वास मोजणारं माणूस होतं आणि ते घरापाशी होतं.

म्हणून भारतातून नातेवाईकांचे फोन येतात तेव्हा मी औषधाचं नाव सांगण्याआधी श्वास मोजायला सांगते. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, दूध सोडलं असेल, ओठ निळसर असतील किंवा श्वास मधेच थांबत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया देऊ नका; श्वासनलिकेतून ते काढणं ही आमच्या कामातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे. लशी वेळेवर द्या. आणि घरातली आजी म्हणाली की बाळाचं पोट उडतंय, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. ती जे पाहते आहे त्यालाच आम्ही मोठमोठी नावं देतो, आणि तिने ते आमच्या आधी काही तास पाहिलेलं असतं. ते तास बाळाला मिळाले, तर बहुतेक वेळा माझी गरजच पडत नाही.